तात्पुरतं

पहाटेचे तीन वाजायला दहा मिनिटं.
व्हालपाराइसोत उत्तरेचा वारा सुटला की
समुद्र झोपत नाही आणि माझा फोनही.
बहुतेक तक्रारी साध्या : फ्यूज गेला,
दिवा लुकलुकतोय,
शेजाऱ्याचा पत्रा तारेवर घासतोय.
हा फोन तसा नव्हता.
आधी नुसता श्वास. मग :
"मायेस्त्रो, तो सुटत नाहीये."

काय धरलंय त्यानं?
वॉशिंग मशीन. खाली पाणी आलंय.
तुम्ही कुठे उभ्या आहात?
दारात.
तिथेच थांबा, सेन्योरा.
त्याला हात लावू नका.

चाळीस वर्षं जिनं त्या माणसाला
तापात, दारूत, बंदरातल्या लांबलेल्या संपात
हात दिला,
तिला मी सांगत होतो, हात मागे घ्या.
माझ्या धंद्यात
याहून जड वाक्य नाही.

मेन कुठे? जिन्याखाली.
तिथवर जमीन कोरडी आहे? आहे.
मग जा. कुठला खटका, विचार करू नका,
सगळे खाली ओढा.

फोन तिनं कुठेतरी ठेवला.
चपला. कुत्रं. काहीतरी पडलं, फुटलं.
आणि फ्रिजची घरघर थांबली.
ती चालू होती हे मला
थांबल्यावर कळलं.
अंधारात धप्प.
मग एक शिवी, ओनोरियोची, आईवरून.
इतकी सुंदर शिवी
मी बासष्ट वर्षांत ऐकली नव्हती.

अँब्युलन्स बोलवा, म्हटलं, तो नको म्हणाला तरी.
झटका आत काय करून गेला
ते वरून दिसत नाही.
मेणबत्ती नको. लाकडाचं घर, बाहेर हा वारा.
बॅटरी घ्या.
आणि मी येईपर्यंत
खटक्याला कुणी शिवायचं नाही.

दोनशे अकरा पायऱ्या.
अँब्युलन्सची पोरं मला ओलांडून वर गेली,
तितक्यात खालीही आली,
खुर्चीत ओनोरियो, ब्लँकेटमध्ये, कुरकुरत,
मागे एर्सिलिया, त्याचे बूट हातात घेऊन.
"किल्ली दारालाच आहे," म्हणाली.

तर मी आणि ते घर, दोघंच.
टेस्टरनं आधी खात्री केली, दोनदा.
मशीन ओढलं. भिंतीतला डबा उघडला.
हिरवी तार, जी जमिनीत जायला हवी,
ती तिथेच संपली होती,
काळ्या पट्टीत गुंडाळून ठेवलेली,
बाळाच्या बोटासारखी नीट.
पट्टीचे वेढे उलटे.
या टेकडीवर डावखुरा मायेस्त्रो
एकच आहे.

आठवलं. मोठ्या भूकंपानंतरचा आठवडा.
दिवसाला तीस घरं, रात्रीला दहा.
आणि या दारात उभा राहून मी :
तात्पुरतं केलंय. सोमवारी येतो.

पट्टी सोडवायला एक मिनिट लागलं.
मी बराच वेळ सोडवत होतो.

उजाडल्यावर मागच्या अंगणात
लिंबाच्या झाडाशी तांब्याची कांब ठोकली,
ओल लागेपर्यंत.
हिरवी तार तिथवर नेली.
गळतीला वीज तोडणारा नवा खटका बसवला,
त्याचं बटण दाबून पाहिलं, पडला.
पुन्हा दाबलं, पुन्हा पडला.
उगाच आणखी चार वेळा.

दहाला ती दोघं आली.
ओनोरियोच्या तळव्याला बँडेज,
पावाची पिशवी दुसऱ्या हातात.
किती झाले, मायेस्त्रो?
मी खिशातून पट्टीचा तुकडा काढला,
टेबलावर ठेवला.
हे माझं आहे, म्हणालो.
येतो म्हणून गेलो होतो.

ओनोरियो बाहेर बघत राहिला.
तिनं तुकडा उचलला, बोटाला गुंडाळला,
पुन्हा सोडवला.
"सोमवारच आहे आज," म्हणाली,
आणि गॅस पेटवून किटली ठेवली.
विजेची किटली शेजारीच होती.